भात्याला रफू

३ फेब्रुवारी

दादा,

अण्णांच्या पेटारा कॅमेऱ्याचा भाता फाटलाय. वरच्या घडीच्या कोपऱ्यात बोटाचं पेर जाईल एवढं भोक आहे आणि बाकीच्या घड्याही हात लावला की तडकतात. ते कशाने बुजवायचं ते कळव. फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र. पत्र निदान फोडून तरी बघशील, आत काय वाईट बातमी आहे या धास्तीने.

तू म्हणशील, हिला आत्ता कुठून पेटाऱ्याचा पुळका आला. पुळका वगैरे काही नाही. मी तो मोडीत घालायलाच काढला होता. तू घर सोडल्यापासून तो माझ्या शिलाई मशीनमागे तीन पायांवर उभा आहे आणि गिऱ्हाइकांच्या पँटी टाकायला सोडून मला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. त्या दुपारी पँटी उतरवल्या, धूळ झटकली, झाकण उघडून भाता पुढे ओढला. अण्णा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते.

तुला कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगते. अण्णा आता मला, पोटच्या मुलीला, ओळखत नाहीत. गेलं वर्षभर मी त्यांच्या लेखी शिलाईवाली बाई आहे. "बाई, दुकान छान आहे तुमचं, पण इथे पूर्वी फोटो स्टुडिओ होता हो," असं मला दर दिवशी सांगतात. आधी रडू यायचं. आता मी "हो का?" म्हणते आणि त्यांच्या शर्टाची बटणं लावते.

तर अण्णा उठले, पेटाऱ्यापाशी आले आणि हात पुढे केला. काय हवंय ते माझ्या लक्षात आलं. डोक्यावर घ्यायचा तो जुना काळा कपडा उंदरांनी कधीच खाल्लाय, म्हणून मी कोटाच्या काळ्या अस्तराचं कापड दिलं. ते डोक्यावर घेऊन अण्णा वाकले. मी मशीनपाशी उभी होते, लेन्सच्या समोर. मला वाटलं, त्यांना उभ्या उभ्या झोप लागली. आणि मग कपड्याखालून आवाज आला, "सुतळी, हनुवटी खाली घे. आणि गळ्यातला तो टेप काढ आधी."

मी टेप काढला. हनुवटी खाली घेतली. "बरं अण्णा" म्हटलं. ते बाहेर आले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बाई, जरा पाणी मिळेल का?"

त्यानंतर मी पुन्हा पुन्हा करून बघितलं. समोरासमोर मी शिलाईवाली बाई, आणि पेटाऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर मी सुतळी. काचेवर माणूस उलटा दिसतो, डोकं खाली पाय वर. अण्णांनी उभा जन्म माणसं तशीच बघितली. सुलटी माणसं विसरले तरी उलटी अजून शाबूत आहेत. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले असू शकतं. डॉक्टर सगळ्यालाच असू शकतं म्हणतात.

हे किती दिवस टिकेल सांगता येत नाही. टिकतंय तोवर तू ये आणि पेटाऱ्यासमोर स्टुलावर बस. मला ओळखलं तसं तुला ओळखतील. तोवर मी पेटारा नीट करते. भोकातून उजेड आत शिरला की काचेवरचं चित्र पांढुरकं पडतं आणि अण्णा चिडतात. भात्याचं लगेच कळव.

तुझी रोज आठवण काढतात.

सुतळी
(आता चांगला दोरखंड झालाय, पण नाव तेच)


१९ फेब्रुवारी

दादा,

तुझं कार्ड मिळालं. भात्याला कुठला गोंद, कुठलं कापड, घडीच्या आतून लावायचं की बाहेरून, सुकेपर्यंत भाता ताणून ठेवायचा की मिटून, सगळं कसं मुद्देसूद. अण्णांबद्दल एक अक्षर नाही. कार्ड उलटून बघितलं, मागे माझाच पत्ता होता. तिकडे कचेऱ्यांमधली झेरॉक्सची मशिनं दुरुस्त करतोस ना, गिऱ्हाइकाला पावती लिहितोस तसं लिहिलंयस.

असो. तुझं कार्ड यायच्या आधीच मी शहाणपणा करून बसले होते. फाटलेलं काही समोर आलं की मला राहवतं का? बारीकातली बारीक सुई घेतली, काळा रेशमी दोरा घेतला आणि भात्याला रफू केलं. असं रफू, की तुला भिंगातून बघूनही सापडलं नसतं. लोकांच्या लग्नातल्या कोटांना मी असं रफू करत नाही. दोन दिवस मान मोडून बसले होते. मग तू लिहिलं होतंस तसं, खिडक्यांना जाड पडदे लावून खोली अंधारी केली आणि लेन्स काढून भात्याच्या आत वायरचा बल्ब सोडला.

दादा, प्रत्येक टाक्याला एक ठिपका. आधी एक भोक होतं, मी त्याची चाळण केली. अण्णा माझ्या शेजारी अंधारात उभे होते. ते खूश होऊन म्हणाले, "वा, चांदण्या छान पडल्यात." मी तिथेच खाली बसून हसले. पुष्कळ दिवसांनी हसले, त्यामुळे मग थांबता येईना, आणि अण्णा विचारायला लागले, "बाई, तुम्हाला बरं नाही का?"

मग सगळं उसवलं. तुझ्या कार्डावर लिहिल्याप्रमाणे कापड आणि गोंद लावला, आतून. चाळण बुजली. लाकडी सरकपट्टी अडत होती, तिच्यावर मेणबत्ती घासायला सांगितलीस ते मात्र मला सांगायची गरज नव्हती, चेन अडकली की मीही तेच करते. भाता आता लोण्यासारखा सरकतो.

लेन्सच्या आत धुरकट दिसतंय. पुढची काच कशी उघडायची? आणि हे विचारतेय म्हणून फक्त एवढंच कळवू नकोस. कधी येतोस तेही लिही.

सुतळी


११ मार्च

दादा,

फिल्मचं पाकीट पोचलं. बरोबरच्या दोन ओळीही पोचल्या, त्याही फिल्मबद्दलच. तरी पाकीट हातात धरून मी जरा वेळ बसले. तू दुकानात जाऊन, मापं सांगून, बांधून घेऊन, रांगेत उभं राहून हे पाठवलंस. जो माणूस यायचंच नाही म्हणतो तो हे कशाला करेल, असं मनात आलं. बोलून दाखवत नाही, नाहीतर पुढचं पाकीट यायचं नाही.

लेन्स उघडली. बरणीचं झाकण उघडायचं रबर लावलं आणि हलक्या हाताने फिरवली, तू म्हणालास तशी. शेजारच्या चष्मेवाल्याने त्याचं मऊ कापड दिलं आणि स्वतः माझ्या डोक्याशी उभा राहून देखरेख केली. दुधी काचही काढून साबणाच्या पाण्याने धुतली. सगळं लख्ख झालं. मग त्याच चष्मेवाल्याला स्टुलावर बसवून पहिला फोटो काढला, मागच्या डार्करूममध्ये तुझ्या जुन्या ट्रेमध्ये धुतला. आपली डार्करूम आता माझी अडगळीची खोली आहे. बॉबिनींच्या पेट्यांवर फोटो पक्का करायचा हायपो सांडला, ते जाऊ दे. फोटोत चष्मेवाल्याचं नाक धूसर, डोळे धूसर, चष्मा धूसर, आणि मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख न् तारीख वाचता येते. तो म्हणाला, "ताई, हा फोटो दुकानात लावतो. लोकांना चष्मा का हवा ते कळेल."

काय चुकलं ते मला कळेना. सांगितलं अण्णांनी. फोटोकडे बघितलं, दुधी काचेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "काच उलटी लावलीय." खरखरीत बाजू आत, लेन्सच्या दिशेला हवी होती, मी ती बाहेर लावली होती. काचेच्या जाडीएवढा फरक. तेवढ्याने फोकस माणूस सोडून भिंतीवर गेला. मग मला कपड्याखाली घेऊन म्हणाले, "तुला दिसत नाही. तू नुसती दाबतेस."

हे वाक्य ऐकून माझा हात थांबला. हेच तुला म्हणाले होते ना, त्या हॉलमध्ये, सगळा ग्रुप फोटोला बसलेला असताना? तुझ्या डोक्यावरचा कपडा ओढून. पुढच्या रांगेतल्या बायका हसल्या होत्या. तू कपडा उचललास, घडी घातलीस, स्टँडवर ठेवलास आणि बाहेर पडलास, तो आजतागायत. मला तेव्हा वाटलं होतं, एवढ्याशा बोलण्यावरून कुणी घर सोडतं का. आता दर दिवशी ऐकते, बोट चुकलं तरी, श्वास मोठा घेतला तरी. शंभरदा ऐकल्यावर कळतं की ते एवढंसं नव्हतं. तू किती वर्षं ऐकलंस? मी तर काही आठवड्यांतच घायकुतीला आलेय, आणि मला निदान एवढं ठाऊक आहे की हे बोलणारे अण्णा पूर्ण शुद्धीत नाहीत.

पण कपड्याखाली एक गंमत आहे. आम्ही दोघं आत शिरतो. अस्तराला नव्या कापडाचा वास, अण्णांच्या अंगाला साबणाचा. काचेवर रस्ता, खांब, सायकलवाला, सगळं उलटं चाललेलं असतं. अण्णा माझं बोट धरून फोकसच्या चाकावर ठेवतात. तिथे ते मला ओरडतात, पण मलाच ओरडतात, शिलाईवाल्या बाईला नाही. बाहेर आल्यावर खूप आदराने बोलतात. मला ते ओरडणं बरं वाटतं. बघ, काय दिवस आलेत.

तू कधी येतोस?

सुतळी


२४ मार्च

दादा,

या वेळच्या कार्डावर तू पहिल्यांदा पेटारा सोडून काहीतरी लिहिलंस, आणि ते काय, तर "मला ओळखतील कशावरून? आणि ओळखून काय करायचंय?"

मग मीही खरं लिहिते. तुझी रोज आठवण काढतात हे खोटं होतं. अण्णांनी इतक्या वर्षांत तुझं नाव काढलेलं नाही. डोकं ठिकाणावर होतं तेव्हाही नाही आणि आताही नाही. मी पहिल्या पत्रात ते वाक्य शेवटी टाकलं, कारण त्याशिवाय पत्र अपुरं वाटत होतं. उसवलेली शिवण दिसू नये म्हणून वरून पट्टी मारतात, तशी मारली. तू ती लगेच ओळखलीस, म्हणूनच बहुतेक अण्णांबद्दल काही लिहीत नव्हतास.

तेव्हा ओळखतील कशावरून, याचं उत्तर माझ्याकडे नाही. काल चष्मेवाला समोर उभा होता. मागच्या आठवड्यात काचेवर त्याला बघून अण्णा म्हणाले होते, "याच्या बापाचा फोटो मी काढलाय, कानाची पाळी तीच." काल म्हणाले, "हे गृहस्थ कोण?" मी कपड्याखालून बाहेर आले आणि चष्मेवाल्याला म्हटलं, अण्णांचा फोकस आज लागत नाहीये. तो समजला. दुकानात गेला.

म्हणजे काचेवरूनही माणसं निघून चाललीत. मी अजून आहे. उद्या असेन का, माहीत नाही. सकाळी अण्णा कपड्याखाली शिरले की मी समोर उभी राहते, शाळेत निकाल लागायच्या दिवशी उभी राहायचे तशी.

दादा, मी थकलेय. हे मी कुणाला म्हणत नाही, कारण म्हटलं की लोक म्हणतात, एखादी बाई ठेव मदतीला. बाई मीच आहे. अण्णांना आंघोळ घालायची, ते ओल्या अंगाने डार्करूममध्ये जाऊन आतून कडी लावतात, मी बाहेरून विनवण्या करायच्या. कात्र्या लपवायच्या. आलेल्या गिऱ्हाइकाला ते फोटोसाठी केस विंचरायला लावतात, गिऱ्हाईक बिचारं विंचरतं. संध्याकाळपर्यंत माझ्या पाठीचं लाकूड होतं. मला तुझ्याकडून पाठदुखीवर उपाय नको आहे आणि तू येऊन त्यांना सांभाळ असंही म्हणत नाही. तू एकदा त्या स्टुलावर बस. ओळखलं नाही तर परत जा, मी पुन्हा कधी लिहिणार नाही. पण ते ओळखू शकत होते तेव्हा तू आला नाहीस, असं व्हायला नको. ते तुला जड जाईल. मला तर जाईलच.

ओळखून काय करायचंय ते मला माहीत नाही. मला ओळखतात तेव्हा मी काही करत नाही. हनुवटी खाली घेते, बस.

सुतळी


८ एप्रिल

दादा,

येतोयस, बरं झालं. जास्त काही लिहीत नाही, नाहीतर विचार बदलशील.

सकाळच्या गाडीने ये म्हणजे खिडकीचा उजेड मिळेल. फिकट रंगाचा शर्ट घाल, काचेवर गडद शर्टाचा नुसता ठिपका दिसतो. चष्मा लावायला लागला असशील तर काढून बस. दारात अण्णा तुला गिऱ्हाईक समजतील, मनाला लावून घेऊ नकोस. त्यांनी काही विचारलं तर गिऱ्हाइकासारखं उत्तर दे आणि सरळ स्टुलावर बस. आणि तुझ्या कपाळाला आठी पडते ती पडू दे. घालवू नकोस. ती ओळखीची आहे.

वहिनीला सांगून ये. तिच्यासाठी कोट शिवून ठेवलाय, मापं जुनीच धरलीत.

सुतळी


२१ एप्रिल

दादा,

तू गेलास त्याच संध्याकाळी हे पत्र लिहायला घेतलं होतं. जमलं नाही. आज लिहून पुरं करते.

तू दारात आलास आणि अण्णा म्हणाले, "या, बसा. पासपोर्टला हवाय की मोठा?" तुझा चेहरा मी बघितला. तू म्हणालास, "मोठा." चांगलं म्हणालास. मग स्टुलावर बसलास, पाठ ताठ, हात मांडीवर, अगदी अण्णांनी लहानपणी शिकवलं होतं तसा. मी आणि अण्णा कपड्याखाली गेलो. तुला समोरून फक्त चार पाय आणि एक काळा ढीग दिसत असणार.

मग तू बसून राहिलास. बसूनच राहिलास. एकदा म्हणालास, "झालं का?" मी आतून म्हटलं, "थांब." पुन्हा एकदा म्हणालास. मग उठलास आणि म्हणालास, "सुतळे, पुरे कर आता. त्यांना काही कळत नाहीये. तू उगाच स्वतःला त्रास करून घेतेयस." मी बाहेर आले, तुझ्याकडे न बघता म्हटलं, "फोकस लागत नव्हता." तू कोटाची पिशवी घेतलीस, अण्णांच्या खांद्याला हात लावलास. ते म्हणाले, "फोटो परवा मिळेल." आणि तू दुपारच्याच गाडीने गेलास. रात्रीपर्यंत थांबणार होतास.

फोकस लागला होता. पहिल्या फटक्यात लागला होता.

अण्णांनी काचेवर बघितलं आणि चाकावरचा हात काढून घेतला. मी म्हटलं, "अण्णा, कोण आहे?" तर अशा आवाजात म्हणाले, जसं मी काहीतरी बावळटासारखं विचारलंय, "कोण म्हणजे? थोरला आहे." आणि मग हळूच, "केस पिकले की याचे."

मला इतका आनंद झाला की मी लगेच फिल्मचा होल्डर उचलला. फिल्म भरूनच ठेवली होती. हे तुला सांगायला नको, पण होल्डर आत सरकवला की दुधी काच झाकली जाते आणि समोरचा माणूस दिसेनासा होतो. मग पट्टी ओढायची, शटर दाबायचं, सगळं आंधळेपणाने. मी होल्डर सरकवणार, तेवढ्यात अण्णांनी माझं मनगट धरलं. त्यांच्या हातात अजून एवढी ताकद आहे हे मला माहीत नव्हतं. म्हणाले, "नको घालू."

मी म्हटलं, "अहो, फोटो काढायचाय ना?"

"नको. घातला की दिसायचा बंद होईल. आणि दाबलं की उठून जाईल तो. बसलाय तोवर बसू दे."

तू बाहेर विचारत होतास, झालं का. मी थांब म्हणत होते. अण्णा बघत होते. माझं मनगट सोडत नव्हते. त्यांच्या श्वासाने काचेवर वाफ धरायची, ते बाहीने पुसायचे आणि पुन्हा बघायचे. एकदा म्हणाले, "याला दिसायचं. माझ्यापेक्षा बरं दिसायचं याला." हे मला म्हणाले नाहीत, काचेला म्हणाले. मग तू उठलास. काचेवर नुसतं स्टूल राहिलं, पाय वर करून. अण्णा तरी बघतच होते. मी कपडा उचलला तेव्हा म्हणाले, "बाई, तुमचे गिऱ्हाईक गेले वाटतं."

हे सगळं मी तुला दारातच सांगायला हवं होतं. तू पायरीवर उभा होतास, लगेच उतरला नाहीस हेही मला दिसलं. का सांगितलं नाही ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मला तुझा राग आला होता. तुझा नाही, त्यांचाही नाही, काय नाव देऊ त्याला. मी रोज त्या काचेसमोर उभी राहते, दादा. मला ओळखतात, हनुवटी खाली घे म्हणतात, आणि लगेच म्हणतात, "चल, घालतो होल्डर, दाबतो, आणि आटप, दूध उतू जाईल." माझ्यासाठी त्यांनी कधी हात धरून ठेवला नाही. मला का धरतील? मी कुठे जाणार आहे? फोटो काढून झाल्यावर मी तिथेच असते, दूध बघायला.

चार-पाच दिवस मी हे मनात घेऊन मशीन चालवलं. टाके वाकडे येत होते, उसवून पुन्हा घालत होते. मग एका सकाळी अण्णांना आंघोळ घालताना त्यांनी माझ्या मनगटाकडे बघितलं आणि म्हणाले, "बाई, हे निळं कशाने झालं?" मी म्हटलं, शिलाई मशीनमध्ये अडकला हात. त्यांनी मग ते हळू हळू चोळून दिलं, साबणाचा फेस लावून. असं चोळलं, की मला तिथेच बसून राहावंसं वाटलं. ते मला ओळखत नव्हते आणि तरी चोळत होते. त्यानंतर माझा राग गेला.

आता सांगते. काल मी समोर उभी राहिले आणि अण्णा कपड्याखाली गेले. मग बाहेर आले आणि मला म्हणाले, "बाई, काचेवर कुणीतरी उभं आहे, पण मला कळत नाहीये." मी म्हटलं, असू दे अण्णा. म्हणजे माझं तिथलं दिसणं संपलं बहुतेक. कदाचित आज पुन्हा येईल, परवा जाईल, काही भरवसा नाही. मी तिथून पुसली गेले, याचं मला वाटलं होतं तेवढं दुःख झालं नाही. थकवाच जास्त वाटला. पण तुझं काय झालंय ते मला माहीत नाही. तू अजून आत असशील. मला वाटतं, असशील. ज्याला इतकं घट्ट धरून ठेवलं, तो माणूस सगळ्यांत शेवटी जात असेल.

तेव्हा ये. उजेड सकाळचाच बरा. शर्ट तोच घाल. या खेपेला मी होल्डरमध्ये फिल्म भरणार नाही, होल्डर बाहेर काढणारच नाही. झालं का, असं विचारू नकोस. तू नुसता बस.

सुतळी